नाटोच्या ताफ्यातली बाहेरची बोट

ऑक्टोबर २०१३ मध्ये एडनच्या आखातात नाटोच्या ताफ्यात एक नवी युद्धनौका दाखल झाली. नाव ‘हेतमान साहायदाच्नी’, झेंडा युक्रेनचा. युक्रेन तेव्हा नाटोचा सदस्य नव्हता, आजही नाही. सोमाली चाच्यांविरुद्ध नाटोची ‘ओशन शील्ड’ ही मोहीम ऑगस्ट २००९ पासून चालू होती. तिच्यात स्वतःची युद्धनौका घेऊन उतरलेला युक्रेन हा पहिला बिगरसदस्य देश. पुढे न्यूझीलंड आला, २०१५ मध्ये थेट कोलंबियाही आला.

मी त्या काळात प्रॉडक्ट टँकरवर, म्हणजे पेट्रोल-डिझेलसारखा तयार माल नेणाऱ्या बोटीवर, चीफ ऑफिसर होतो. इराणच्या आखातात माल भरायचा आणि सुएझकडे निघायचं, नाहीतर उलट दिशेने यायचं. एडनचा पट्टा चुकवता येत नसे. त्यामुळे टीव्हीवर ‘नाटो आणि भागीदार देश’ अशी चर्चा लागली की मला आधी ब्रिजवरचा व्हीएचएफ रेडिओ आठवतो आणि त्यावरून येणारे निरनिराळ्या उच्चारांचे आवाज. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून आपल्याकडे या विषयावर बहुतेक दोनच प्रकारचं बोलणं होतं. एक तर सगळ्या दुखण्याचं मूळ नाटो, नाहीतर नाटो म्हणजे तारणहार. ते सहकार्य चालू असताना त्या पाण्यातून बोट नेलेल्या माणसाला ते कसं दिसलं, हे लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी तो काळ कसा होता ते सांगतो, कारण लोक विसरले आहेत. आंतरराष्ट्रीय मेरिटाइम ब्युरोच्या नोंदीप्रमाणे २०११ या एका वर्षात सोमाली चाच्यांचे २३७ हल्ले झाले. गुहागरपासून देवगडपर्यंत बोटीवर जाणाऱ्या पोरांच्या घरी तेव्हा एकच प्रश्न असायचा, ‘त्या बाजूने जाणार का?’ सप्टेंबर २००८ मध्ये ‘स्टोल्ट व्हॅलर’ पळवली गेली, तिच्यावर १८ भारतीय होते. ‘अस्फाल्ट व्हेंचर’चं तर आम्हा सगळ्यांना फारच लागलं. २०१० मध्ये पळवलेल्या त्या बोटीवर १५ जण होते, सगळे भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, बोट सुटली, पण भारतीय नौदलाने पकडलेल्या चाच्यांच्या बदल्यात सात जणांना किनाऱ्यावर ठेवून घेतलं. ते सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये. चार वर्षं.

आम्ही रेलिंगभर रेझर वायर गुंडाळायचो, फायर होज कठड्याला बांधून पाणी चालू ठेवायचो. जुने बॉयलर सूट भरून माणसाचे पुतळे करायचे आणि ब्रिजच्या विंगवर उभे करायचे, हे बोसनचं, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचं, आवडतं काम. अकोमोडेशनची, म्हणजे राहण्याच्या भागाची, दारं आतून बंद. भरलेला टँकर पाण्यात खोल बसतो आणि चालतो जेमतेम १३ नॉटने, म्हणजे शिडी लावून चढायला याच्याइतकी सोयीची बोट दुसरी नाही. शेवटचा उपाय सिटाडेल, म्हणजे चाचे चढलेच तर सगळ्यांनी आत शिरून दार लावून घ्यायची मजबूत खोली. आमच्याकडे ती स्टिअरिंग गिअर रूममध्ये होती. पाणी, बिस्किटं, औषधं आणि सॅटेलाइट फोन ठेवलेला. नौदलांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं: झाडून सगळे आत असतील, आतून बाहेर बोलण्याची सोय चालू असेल आणि चाच्यांच्या हाती इंजिन नसेल, तरच कमांडो बोटीवर चढण्याचा विचार होईल. एक जरी माणूस बाहेर राहिला तर नाही. म्हणून ड्रिलमध्ये माणसं मोजण्याचं काम मी कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही.

आणि मग तो कॉरिडॉर. येमेन आणि सोमालियाच्या मधोमध सुमारे ४९० सागरी मैलांचा पट्टा आखलेला. जायला पाच मैलांची लेन, यायला पाच मैलांची, मध्ये दोन मैलांची मोकळी जागा. १०, १२, १४, १६, १८ नॉट असे वेगाचे गट पाडलेले. तुमची बोट ज्या गटात बसते त्याची प्रवेशाची वेळ पाळायची, म्हणजे धोक्याच्या टप्प्यातून बोटी एकट्यादुकट्या न जाता घोळक्याने जातात. नोंदणी करायची लंडनजवळच्या नॉर्थवुडला, युरोपीय संघाच्या केंद्रात. रोजची पोझिशन पाठवायची दुबईला, ब्रिटिश नौदलाच्या कार्यालयात. नाटोचं स्वतःचं शिपिंग सेंटरही नॉर्थवुडलाच. शिवाय अमेरिकेच्या पुढाकाराने बहारीनहून चालणारा बहुराष्ट्रीय ताफा वेगळा. चीन, भारत, जपान, रशिया, दक्षिण कोरिया यांच्या युद्धनौका आपापल्या सरकारच्या हुकमाने आलेल्या, त्या आणखी वेगळ्या.

इतक्या नौदलांचं एकमेकांत जमत कसं होतं? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. बहारीनला २००८ च्या अखेरीपासून ‘शेड’ नावाच्या बैठका सुरू झाल्या. तिथे कोणी सरसेनापती नव्हता, करारनामा नव्हता, कोणी कोणाच्या हुकमाखाली नव्हतं. कोणाची बोट कुठे आहे, कोणाचं हेलिकॉप्टर कधी उडणार, कोणता काफिला कधी सुटणार, एवढंच एकमेकांना सांगायचं. ‘मर्क्युरी’ नावाची इंटरनेटवरची साधी संदेशव्यवस्था होती. तिच्यात गुप्त काही नाही, म्हणून तिच्यावर नाटोवालेही बोलत आणि चिनीही. २०१२ पासून भारत, चीन आणि जपान यांनी आपल्या काफिल्यांची वेळापत्रकं एकमेकांशी जुळवली, म्हणजे एकाच दिवशी तिघांचे काफिले आणि पुढचे दोन दिवस कोणीच नाही असं होऊ नये. सीमेवर समोरासमोर उभे असलेले देश समुद्रात व्यापारी बोटींसाठी वेळापत्रक जुळवत होते. आमच्या आधी कोणत्या झेंड्याखाली कोण गेलं याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. व्हीएचएफवर सोळा नंबरला हाक मारली की कोणीतरी उत्तर देतं, यावर रात्रीची झोप अवलंबून होती.

२०१२ मध्ये हल्ले ७५ वर आले, २०१३ मध्ये १५ वर. त्यात बोटींवरच्या सशस्त्र रक्षकांचा वाटा मोठा आहे, ते मी नाकारत नाही. पण त्या रक्षकांनाही पाठीशी नौदल आहे हे माहीत होतं.

याच काळातलं एक दुखणंही नोंदवायला हवं. जास्त धोक्याचा म्हणून जाहीर केलेला प्रदेश २०१० मध्ये पूर्वेकडे ७८ अंश रेखांशापर्यंत वाढवला गेला. म्हणजे आपली सगळी पश्चिम किनारपट्टी त्यात आली. आपल्या कोळ्यांच्या दारात परदेशी बोटी बंदूकधारी घेऊन फिरू लागल्या आणि लहान होडी दिसली की त्यांना चाचे दिसू लागले. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या इटलीच्या नौसैनिकांनी दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या. ती नाटोची मोहीम नव्हती, ते सैनिक इटलीने आपल्या बोटीच्या रक्षणाला दिलेले होते. तरी मुद्दा तोच: नकाशावर रेघ कुठे ओढायची हे ठरलं त्या खोलीत आमच्या कोळ्यांच्या वतीने बोलणारा आवाज पुरेसा मोठा नव्हता. भारताने सतत मागे लागून डिसेंबर २०१५ मध्ये ती रेघ मागे हटवून घेतली. मधल्या पाच वर्षांत कोकणातल्या ट्रॉलरवाल्यांनी जी भीती सोसली तिची नोंद कुठे नाही.

दुसरी अडचण कायद्याची. नाटोच्या युद्धनौकांनी चाचे पकडले तर पुढे काय, याची तरतूदच सुरुवातीला नव्हती. एप्रिल २००९ मध्ये डच कमांडोंनी ओलीस धरलेले २० येमेनी मच्छीमार सोडवले आणि सात चाच्यांना तिथेच सोडून दिलं, कारण नाटोच्या मोहिमेत कैदी ठेवण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. युरोपीय संघाने केनिया आणि सेशेल्सबरोबर करार करून हा प्रश्न थोडा सोडवला. जगातली सर्वांत बलाढ्य आरमारं समुद्रावर, आणि खटला चालवायला सेशेल्ससारखा चिमुकला देश. आपल्या नौदलाने २०११ च्या सुरुवातीच्या महिन्यांत ‘प्रांतालय’, ‘वेगा’ अशा चार बोटींवरून १२० चाचे पकडून मुंबईला आणले, ते तळोजाच्या तुरुंगात राहिले. तेव्हा आपल्याकडेही चाचेगिरीचा स्वतंत्र कायदा नव्हता. खटला भारतीय दंड संहितेच्या कलमांखाली चालवावा लागला.

आता साहायदाच्नीकडे येतो.

ही फ्रिगेट बांधली गेली क्रिमियातल्या केर्चच्या गोदीत, सोव्हिएत सीमारक्षकांसाठी. सोव्हिएत संघ कोसळला आणि १९९३ मध्ये ती युक्रेनच्या नौदलात आली. नाटोशी लढण्यासाठी आखलेल्या घडणीची बोट वीस वर्षांनी नाटोच्या ताफ्यात उभी राहिली, डेकवर रशियन बनावटीचं कामोव्ह हेलिकॉप्टर घेऊन. हे आपोआप होत नाही. जानेवारी १९९४ मध्ये नाटोने ‘शांततेसाठी भागीदारी’ हा कार्यक्रम काढला, युक्रेनने पुढच्याच महिन्यात सही केली. त्याच वर्षी रशियानेही केली, फिनलंड आणि स्वीडननेही. त्यानंतरची वीस वर्षं गेली ती कंटाळवाण्या कामात: रेडिओची भाषा एक करायची, इशाऱ्यांचे संकेत एक करायचे, समुद्रात चालत्या बोटीला बोटीतून इंधन देण्याच्या नळ्या जुळवायच्या, दुसऱ्याचं हेलिकॉप्टर आपल्या डेकवर उतरवायचं असेल तर हातवारे कोणते ते ठरवायचं. टँकरवर आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, दोन देशांच्या नळ्यांचे फ्लॅन्ज जुळणं हीसुद्धा छोटी गोष्ट नसते.

आमच्या बोटीवर सेकंड इंजिनिअर ओडेसाचा होता. आमच्याकडे युक्रेनियन अधिकारी नेहमीच असत, भारतीय, फिलिपिनो आणि युक्रेनियन हे त्रिकूट निम्म्या टँकरांवर सापडेल. २०१३ च्या त्या मोसमात कॉरिडॉरमधून जाताना व्हीएचएफवर साहायदाच्नीची हाक आली. नेहमीचीच चौकशी, बोटीचं नाव, झेंडा, पुढचं बंदर, काही संशयास्पद दिसलं का. मी इंजिन कंट्रोल रूमला फोन करून सेकंडला सांगितलं. तो तेलकट बॉयलर सूटमध्येच वर आला आणि दुर्बीण घेऊन विंगवर उभा राहिला. क्षितिजावर राखाडी ठिपक्यापलीकडे काही दिसत नव्हतं. तरी बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, “चीफ, आमच्याकडे महासागरात पाठवण्याजोगी ही एकच बोट आहे. तीच पाठवली.”

ते मला पुरतं कळलं चार महिन्यांनी. जानेवारी २०१४ मध्ये साहायदाच्नी नाटोकडून युरोपीय संघाच्या ताफ्यात गेली. फेब्रुवारीच्या अखेरीस रशियन सैनिक क्रिमियात उतरले. सेवास्तोपोल, म्हणजे तिचं घरचं बंदर, हातातून गेलं. ती तेव्हा परतीच्या वाटेवर भूमध्य समुद्रात होती. रशियन माध्यमांनी बातमी सोडली की तिने झेंडा बदलला. दुसऱ्यांच्या बोटी राखायला गेलेल्या या खलाशांना परत यायला स्वतःचं बंदर उरलं नव्हतं. ५ मार्चला ती ओडेसाला पोचली. मी तेव्हा सुट्टीवर घरी होतो. सेकंडचा मेल आला, दोन ओळींचा: “बोट आली. झेंडा आपलाच आहे.”

आठ वर्षांनी, मार्च २०२२ च्या सुरुवातीला, ती मिकोलाइवच्या गोदीत दुरुस्तीसाठी उभी होती. हलवता येईना, रशियन फौजा जवळ आलेल्या. युक्रेनियन नौदलाने ती स्वतःच बुडवली. एका बाजूला कललेला तिचा फोटो पाहिला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. युद्धनौकांवर माणसाने इतका जीव लावू नये हे मला कळतं. पण आमच्या वाटेवर जागता पहारा दिलेली बोट होती ती.

नाटोच्या तहातलं पाचवं कलम सांगतं की एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानला जाईल. ते आजवर एकदाच वापरलं गेलं, सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेसाठी. ते फक्त सदस्यांना आहे. भागीदार देशाला जे मिळतं ते असं: संकट आलं तर सल्लामसलत, प्रशिक्षण, एकत्र सराव, ताफ्यात जागा. यात फसवणूक काही नाही, कागदावर सगळं स्वच्छ आहे. माझा राग दुसऱ्या कागदावर आहे. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या शिखर परिषदेत नाटोने जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील. तारीख नाही, टप्पे नाहीत. शेजाऱ्याला डिवचायला पुरेसं आणि देशाला वाचवायला अपुरं. चार महिन्यांत जॉर्जियात युद्ध झालं. आणि तरी तोच जॉर्जिया, जेमतेम सदतीस लाखांचा देश, अफगाणिस्तानात हेलमंडसारख्या जीवघेण्या भागात आपले सैनिक पाठवत राहिला. बिगरसदस्यांमध्ये सर्वांत मोठी तुकडी त्यांची होती. ३२ जॉर्जियन सैनिक तिथे मेले. ते कोणत्या आशेवर गेले होते हे नाटोच्या प्रत्येक राजधानीत माहीत होतं, आणि ती आशा कोणी खोडून काढली नाही की पुरीही केली नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि त्याचं खापर मी मोठ्या देशांवर फोडतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१५ पासून ल्वीवजवळच्या याव्होरिव्हच्या प्रशिक्षण तळावर अमेरिकन आणि कॅनेडियन प्रशिक्षकांनी युक्रेनियन तुकड्या घडवल्या. २०२२ मध्ये कीव पडलं नाही त्यात त्या कामाचा वाटा आहे. १३ मार्च २०२२ ला रशियाने त्याच तळावर क्षेपणास्त्रं टाकली, यावरून त्या तळाची किंमत मॉस्कोला कळली होती हे दिसतं. फिनलंडचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. जवळजवळ तीस वर्षं भागीदार म्हणून राहून त्यांनी सगळ्या नळ्या, सगळे रेडिओ जुळवून ठेवले होते. मे २०२२ मध्ये अर्ज केला, ४ एप्रिल २०२३ ला सदस्य झाले. स्वीडनला तुर्कस्तान आणि हंगेरीच्या अडवणुकीमुळे मार्च २०२४ पर्यंत थांबावं लागलं, पण लष्करी तयारीसाठी थांबावं लागलं नाही. त्या दोघांना दार उघडं असताना आत जाण्याची निवड होती. युक्रेनला दाराबाहेर उभं करून आत बोलावल्याची घोषणा केली होती.

आपण या सगळ्यात कुठे? भारत नाटोचा भागीदारही नाही. तरी आपण बहारीनच्या टेबलावर बसलो, ऑक्टोबर २००८ पासून एडनला स्वतःच्या हुकमाखाली नौका ठेवल्या आणि कोणत्याही झेंड्याच्या बोटीला काफिल्यात घेतलं. डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रासाठी अमेरिकेने नवी आघाडी उभी केली, तिच्यात आपण गेलो नाही. अरबी समुद्रात आपल्या नौका वाढवल्या. जानेवारी २०२४ मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरला क्षेपणास्त्र लागून आग लागली, बोटीवर २२ भारतीय होते. आयएनएस विशाखापट्टणमच्या अग्निशमन तुकडीने ती विझवायला मदत केली, सोबत फ्रेंच आणि अमेरिकन नौकाही होत्या. टँकरवरची आग काय असते हे मला माहीत आहे, त्या मुलांना माझा सलाम. आणि मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’. बल्गेरियन मालकीची बोट, तीन महिने चाच्यांच्या ताब्यात. आयएनएस कोलकाताने सुमारे ४० तास पाठलाग करून तिला जेरीला आणलं, हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. त्यांत बल्गेरियन होते. बल्गेरिया नाटोचा सदस्य आहे. सोडवणारे आपण, नाटोशी कसलीही बांधिलकी नसलेले. चाचे मुंबईला आणले, आणि या वेळी खटल्यासाठी २०२२ मध्ये संसदेने केलेला चाचेगिरीविरोधी कायदा हाताशी होता.

हा आपला मार्ग मला पटतो. पण तो स्वस्त नाही हेही सांगायला हवं. आघाडीत नसलेल्या देशाला स्वतःच्या विनाशिका, स्वतःची टेहळणी विमानं, स्वतःचे तुरुंग आणि वकील पदरचे लागतात. ज्यांना नौदलावरचा खर्च डोळ्यांवर येतो आणि त्याच तोंडाने अलिप्ततेचं कौतुकही करायचं असतं, त्यांनी एकदा रुएनचा हिशोब मांडावा.

मध्यंतरी आमच्या गावचा एक कॅडेट विचारायला आला होता, काका, आपण अमेरिकेशी करार केलेत म्हणजे युद्ध झालं तर ते येणार का? मी त्याला २०१६ चा लेमोआ करार समजावून सांगितला. त्यात एकमेकांच्या बंदरांत आणि तळांवर इंधन, अन्नपाणी, सुटे भाग, दुरुस्ती मिळण्याची सोय आहे, पैसे मोजून. २०२२ मध्ये अमेरिकन नौदलाचं ‘चार्ल्स ड्र्यू’ हे जहाज चेन्नईजवळ कट्टुपल्लीच्या गोदीत दुरुस्तीला आलं. त्या कराराने आपल्या भूमीवर त्यांचा तळ होत नाही, आणि कोणी कोणासाठी लढायला यावं असं बंधनही नाही. पोराचा चेहरा जरा पडला. म्हणाला, मग उपयोग काय? मी म्हटलं, भर समुद्रात इंधन मिळणं हा उपयोगच आहे, तू अजून टँकरवर गेला नाहीस. आणि ते येतील असं त्या करारात कुठे सुचवलेलंही नाही, म्हणून मला तो बुखारेस्टच्या कागदापेक्षा प्रामाणिक वाटतो.